सोळा आण्यांची जमीन आणि उसाचे पाणी : दख्खनच्या कालवाक्षेत्रातील मृदा, पाटपाणी व ऊसशेतीचा इतिहास

महाराष्ट्रातील ऊसशेतीचा इतिहास बहुधा सहकारी साखर कारखानदारीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. 1950 साली प्रवरानगर येथे सुरू झालेला कारखाना, विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांचे कार्य, पुढे या कारखान्यांतून उभे राहिलेले राजकीय नेतृत्व, हे विषय अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. बी. एस. बाविस्कर यांचा कोपरगाव परिसराचा अभ्यास (1980) व डोनाल्ड अ‍ॅटवूड यांचा नीरा खोऱ्यातील माळेगावचा अभ्यास (1992) हे ग्रंथ या दृष्टीने मूलगामी होत. परंतु ऊस हे प्रथमतः एक पीक आहे, ते विशिष्ट जमिनीत व विशिष्ट हवामानात वाढते, आणि त्याला पाणी देण्याची रीत त्या जमिनीलाच बदलून टाकते, ही बाब या चर्चेत काहीशी मागे पडली आहे. प्रस्तुत लेखात नीरा डाव्या कालव्याचे क्षेत्र केंद्रस्थानी ठेवून एका मर्यादित प्रश्नाचा विचार केला आहे. कोरडवाहू शेतीच्या काळात जी जमीन सर्वोत्तम मानली गेली, तीच कालव्याच्या पाण्याखाली सर्वांत आधी का बिघडली?

हा प्रश्न विचारण्यास इंदापूर तालुक्याइतके योग्य स्थळ दुसरे नाही. मुंबई इलाख्यातील रयतवारी मोजणीची सुरुवात याच तालुक्यातून झाली. प्रिंगल यांची आकारणी फसल्यानंतर 1835-36 पासून गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी येथे नवी पद्धत राबविली आणि 1847 च्या संयुक्त अहवालात तिला नियमबद्ध रूप मिळाले. या पद्धतीत जमिनीची प्रत ठरविण्याचा मुख्य निकष खोली हा होता. पावणेदोन हात खोलीची, एकजिनसी, बारीक पोताची काळी जमीन ही पहिल्या वर्गाची, म्हणजे सोळा आण्यांची. खोली कमी होत जाईल तसे आणे कमी होत. चुनखडीचे मिश्रण, वाळूचे प्रमाण, उतार अशा दोषांसाठी वर्ग खाली आणला जाई. भूपृष्ठालगतच्या झऱ्यांमुळे पाणी साचून राहणे हाही या दोषांपैकी एक होता. मोजणीदारांना जादा पाण्याचे भय माहीत होते; मात्र त्यांच्या दृष्टीने तो एखाद्या शेताचा दोष होता, संपूर्ण प्रतीचा नव्हे.

खोलीला इतके महत्त्व देण्यात त्यांची चूक झाली असे म्हणता येणार नाही. बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेत येतात. सरासरी पाऊस सुमारे 500 मिलिमीटर, तोही अनिश्चित, आणि त्याचा मोठा भाग सप्टेंबरात पडणारा. येथील मुख्य पीक रब्बीची ज्वारी. ती पेरणीनंतर जवळजवळ पावसाशिवाय, जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर पोसते. चिकणमातीचे प्रमाण जास्त असलेली खोल काळी जमीन पावसाळ्यात फुगते, ओल साठविते व ती हळूहळू पिकाला देते. उथळ मुरमाड जमिनीतील ओल दिवाळीपूर्वीच संपते. म्हणजे सोळा आणे ही किंमत पाणी धरून ठेवण्याच्या गुणाची होती. हाच गुण पुढे अवगुण ठरला.

दुष्काळासाठी कालवा, कालव्यासाठी ऊस

1876 ते 1878 च्या दुष्काळाने दख्खनमध्ये पाटबंधाऱ्यांचा प्रश्न ऐरणीवर आणला. मुठा नदीवर खडकवासल्याचे काम त्याआधीच हाती घेतले गेले होते. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास वाहू लागला व त्याला पाणी पुरविणारे भाटघर धरण 1892 पर्यंत पूर्ण झाले. या कामांचा उद्देश दुष्काळापासून संरक्षण हा सांगितला गेला. ज्वारी-बाजरीच्या पिकास आणीबाणीच्या वर्षी एक-दोन पाणी मिळावे, अशी अपेक्षा होती.

ती अपेक्षा पिकाच्या स्वभावाशी जुळणारी नव्हती. बऱ्या पावसाच्या वर्षी खोल काळ्या जमिनीतील ज्वारीला पाटाच्या पाण्याची गरज नसते. शेतकरी पाणीपट्टी भरून पाणी कशासाठी घेईल? दुष्काळाच्या वर्षी मागणी एकदम वाढे, पण त्याच वर्षी धरणही अपुरे भरलेले असे. मधल्या वर्षांत कालवा वाहत राही व उत्पन्न येत नसे. बांधकामाच्या खर्चावर परतावा दाखविण्याची जबाबदारी असलेल्या खात्याला बारमाही पाणी घेणारा व जादा दर देणारा ग्राहक हवा होता. तो उसाच्या रूपाने मिळाला. शेतकऱ्याच्या हव्यासामुळे कालवा उसाकडे वळला, असे विधान आजही सर्रास केले जाते. वस्तुतः कालव्याच्या हिशेबालाच प्रथमपासून उसाची गरज होती.

महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (1883) या ग्रंथात पाटबंधारे खात्यावर टीका केली आहे. पाण्याचा आकार घेतला जातो, पण पाणी वेळेवर पोचते की नाही याची फिकीर केली जात नाही, हा तिचा आशय. फुले यांची स्वतःची जमीन मांजरीस होती व बांधकामांचे कंत्राटदार म्हणूनही त्यांना या व्यवहाराची माहिती होती. त्यामुळे ही टीका केवळ ग्रंथगत नाही. पाण्याच्या पाळीची ही अनिश्चितता पुढील सर्व घडामोडींच्या मुळाशी आहे.

ऊस पिकविण्याचे कसब मात्र सर्वांजवळ नव्हते. नीरा कालव्यावर ते आणले मुख्यत्वे सासवडच्या माळी बागायतदारांनी. विहिरीवरील बागायतीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असलेली ही मंडळी खंडाने जमिनी घेऊन कालव्याकाठी आली आणि पुढे गोदावरी व प्रवरा कालव्यांकडे सरकली. 1930 च्या दशकात नीरा उजव्या कालव्यावर माळीनगर येथे त्यांनी स्वतःचा साखर कारखाना उभारला. त्यांची शेती भांडवली होती. शेणखत, मेंढ्या बसविणे, करडई व करंजाची पेंड, मासळीचे खत यांवर ते सढळ खर्च करीत आणि गुळाच्या बाजारभावावर त्यांचे गणित उभे असे. एक ऊस व त्यानंतर इतर पिके घेऊन ते जमीन मालकाला परत करीत. खंडकऱ्याला त्या जमिनीच्या वीस वर्षांनंतरच्या स्थितीची चिंता असण्याचे कारण नव्हते, हेही येथे नोंदविले पाहिजे.

वनस्पती आणि ऋतू

ऊस ही उष्ण कटिबंधातील वनस्पती आहे. तिच्या उगवणीस सुमारे 26 ते 32 अंश सेल्सिअस तापमान मानवते. 20 अंशांखाली वाढ मंदावते. परंतु साखर साठण्यासाठी तिला याच्या उलट परिस्थिती लागते. थंड रात्री, कोरडी हवा व थोडा पाण्याचा ताण मिळाला की कांड्यांची वाढ थांबते आणि तयार झालेली शर्करा साठू लागते. दख्खनच्या पठाराची उंची व अक्षांश यांमुळे या दोन्ही गरजा भागतात. येथे कडक दहिवर पडत नाही, तरी हिवाळा पुरेसा थंड व कोरडा असतो. उत्तर भारतात वाढीचा काळ आखूड आणि हिवाळा कठोर. त्यामुळे महाराष्ट्रातील साखरेचा उतारा व हेक्टरी उत्पादन दीर्घकाळ सरस राहिले. हवामानाच्या बाबतीत पठार ही उसाची उत्तम भूमी आहे, यात शंका नाही. उणीव फक्त पाण्याची.

ही उणीव ऋतुचक्रात नेमकी कोठे येते, ते पाहण्यासारखे आहे. सुरू ऊस जानेवारी-फेब्रुवारीत लावला जातो. म्हणजे कोवळ्या पिकाचे पहिले तीन-चार महिने उन्हाळ्यात जातात. धरणातील साठा जेव्हा तळाला जातो, नेमका तेव्हा त्याला पाण्याच्या पाळ्या चुकवून चालत नाही. अडसाली ऊस आषाढ-श्रावणात लावतात व तो सोळा ते अठरा महिन्यांनी तुटतो. त्याला दोन पावसाळे मिळतात. उगवण उबदार हवेत होते, उन्हाळा येतो तेव्हा मुळे खोल गेलेली असतात, दुसऱ्या पावसाळ्यात जोमाची वाढ होते आणि दुसऱ्या हिवाळ्यात पक्वता येते. एकरी उत्पादनात अडसाली अर्थातच वरचढ. पण पाट व सरीने पाणी दिल्यास त्याची एकूण गरज 3000 मिलिमीटरच्या वर जाते. ज्या प्रदेशात आभाळातून 500 मिलिमीटर पडतात, तेथे हा फरक कोठून तरी आणावा लागतो, आणि आणलेले पाणी कोठे तरी जातही असते. धरणाच्या हिशेबात पहिली बाजू मांडली जाते. दुसरी बाजू जमिनीच्या पोटात राहते.

नीरा खोऱ्यातील खारवट जमिनी

कालवा सुरू होऊन वीस वर्षे होतात न होतात तोच नीरा खोऱ्यात ओढ्यांच्या काठी व सखल भागात पांढरी पुटे दिसू लागली. डॉ. हॅरल्ड मॅन व व्ही. ए. ताम्हाणे यांनी 1910 मध्ये ‘नीरा खोऱ्यातील क्षारजमिनी’ या विषयावर मुंबई कृषी खात्याची पुस्तिका प्रसिद्ध केली. मॅन तेव्हा पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पिंपळे सौदागर या गावाचा त्यांचा सुप्रसिद्ध अभ्यास नंतरचा, 1917 चा. पुढे 1928 मध्ये सी. सी. इंग्लिस व गोखले यांनी दख्खनच्या कालव्यांवरील क्षारयुक्त व पाणथळ जमिनींबाबत सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी टिपण तयार केले. पाणी सोडणाऱ्या खात्यालाच हा विषय हाती घ्यावा लागावा, यावरून प्रश्नाचे गांभीर्य कळते.

बिघाडाची प्रक्रिया समजून घेतली, तर आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. दख्खनच्या पठारावर वर काळी माती, तिच्याखाली मुरमाचा थर व त्याखाली कठीण बेसॉल्ट अशी रचना आढळते. माथ्याच्या बाजूला माती उथळ असते व मुरूम वर येतो. तेथे उसाला दिलेले जादा पाणी सहज खाली झिरपते आणि मुरमाच्या थरातून उताराकडे वाहते. खाली, ओढ्याकडे, मातीचा थर जाड होत जातो. येथील चिकणमाती इतकी घट्ट असते की पाणी मुरमातून बाहेर पडू शकत नाही. ते दाबाखाली राहते व हळूहळू वर चढते. एकदा पाण्याची पातळी मुळांच्या टप्प्यात आली की केशाकर्षणाने ते पृष्ठभागी येते, उन्हाने उडून जाते व विरघळलेले सोडियमचे सल्फेट, क्लोराइड व कार्बोनेट मागे ठेवते. सोडियमचे प्रमाण वाढले की मातीचे कण विखुरतात, जमीन चोपण होते, आणि मग वरून दिलेले पाणीही आत शिरत नाही.

म्हणजेच पाणी देणारा शेतकरी एक व जमीन गमावणारा दुसरा, असे घडत होते. मध्यम खोलीच्या, खाली मुरूम असलेल्या जमिनी, ज्यांना मोजणीत आठ-दहा आणे मिळाले होते, त्या उसाला उत्तम ठरल्या. सोळा आण्यांची सखल काळी जमीन प्रथम पाणथळ, मग खारवट, शेवटी पडीक झाली. कालव्याने जमिनीची प्रतवारी उलटी केली; सरकारी दप्तरातील आकारणी मात्र जुन्या प्रतीवरच उभी होती.

बिघडलेल्या जमिनीची खबर उसातूनही मिळे. खारवट जमिनीतील उसाचा गूळ काळपट होतो, नीट धरत नाही, पावसाळ्यात पाझरतो व त्याला खारी चव येते. अडत्याला ढेप हातात घेतली की शेत कळत असे. कोल्हापुरी गुळाची ख्याती नदीकाठच्या निचऱ्याच्या मळई जमिनींशी जोडली जाते, ती याच कारणाने. (2014 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तोवर त्या नदीकाठांपैकी काहींची स्थिती पालटू लागली होती.) आधुनिक मोजमापाप्रमाणे मुळांच्या कक्षेतील मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता 1.7 डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की उसाचे उत्पादन घटू लागते. कापूस किंवा बार्ली यांच्या तुलनेत ही मर्यादा फार खालची आहे. ज्या पिकामुळे जमीन खारवते, त्या पिकालाच ते कमी सोसते.

अधिकाऱ्यांच्या लेखनात याचे खापर बहुधा शेतकऱ्याच्या अतिपाण्याच्या सवयीवर फोडलेले दिसते. अतिपाणी दिले जात होते, हे खरेच आहे. मांजरीच्या प्रयोगक्षेत्रावर कमी पाण्यात व बेताच्या खतात चांगला ऊस घेता येतो, असे दाखविले गेले. पण प्रयोगक्षेत्रावर पाणी हवे तेव्हा मिळत होते. शेतकऱ्याला पुढची पाळी दहा दिवसांनी येईल की वीस, याची खात्री नव्हती आणि पाणीपट्टी क्षेत्रावर होती, मापावर नव्हती. या दोन अटी मान्य केल्या, तर आलेल्या पाळीत सरी काठोकाठ भरून घेणे हा शहाणपणाचाच व्यवहार ठरतो. व्यवस्थेने घालून दिलेल्या हिशेबाला सवय म्हणणे न्याय्य नाही.

विश्वेश्वरय्यांची फड-रचना आणि तिची मर्यादा

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1899 पासून पुण्यास कार्यकारी अभियंता होते. विखुरलेल्या शेतांना पाणी पोचविण्यात होणारी गळती व अनिश्चितता त्यांनी ओळखली आणि नीरा कालव्यावर 1903 च्या सुमारास ‘ब्लॉक’ पद्धत आणली. गावातील निवडक, सलग क्षेत्राला दीर्घ मुदतीची पाण्याची हमी द्यायची. त्या क्षेत्राच्या एका तृतीयांशात ऊस व उरलेल्यात कमी पाण्याची पिके, असा तीन वर्षांचा फेरपालट ठेवायचा. खानदेश-बागलाणातील जुन्या फड पद्धतीशी तिचे साम्य सहज लक्षात येते. बागायतदारांचा प्रारंभीचा विरोध मावळल्यावर ती रुजली. ‘ब्लॉक’ निवडताना निचऱ्याच्या जमिनींना प्राधान्य देणे शक्य झाले, हा तिचा कमी चर्चिला गेलेला गुण. प्रस्तुत लेखकाच्या मते दख्खनच्या सिंचनात पीक, माती व पाणी यांचा एकत्र विचार करणारी ही पहिली प्रशासकीय रचना होय.

तिला धक्का दिला तो कारखान्यांनी. 1932 च्या साखर उद्योग संरक्षण कायद्यानंतर कालव्यांवर खाजगी कारखाने झपाट्याने उभे राहिले. 1926 मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा व 1928 चे नवे भाटघर धरण यांनी पाण्याचा साठा वाढविला होता. गूळ करणारा शेतकरी बाजार पाहून ऊस कमी-अधिक करू शकत असे. गाळप यंत्राला हंगामभर ठरावीक ऊस लागतो. सहकारी कारखान्यात तर भागाबरोबर ऊस घालण्याची जबाबदारीही आली. तीन वर्षांतून एकदा ऊस हा फेरपालट मागे पडला. लागण, खोडवा, पुन्हा लागण असा क्रम सुरू झाला. गाडगीळांच्या गोखले संस्थेने गोदावरी-प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी केली (1948) तेव्हा कालव्याने आणलेली समृद्धी मोजता येण्याजोगी होती, आणि ती खरी होती. ज्या तालुक्यांतून दुष्काळात माणसे देशोधडीला लागत, तेथे शाळा, रस्ते व पतसंस्था उभ्या राहिल्या. जमिनीच्या बिघाडाची चर्चा करताना हे विसरणे हा दुसऱ्या टोकाचा अन्याय ठरेल.

वाण बदलला, जमीन तीच

विज्ञानाने या काळात पुष्कळ काही दिले. कोइमतूरची ऊस पैदास संस्था 1912 ची. दख्खनमधील जुना जाड, मऊ ‘पुंड्या’ ऊस मागे पडून ईके 28 व पीओजे 2878 आले, मग को 419 व त्यानंतर को 740. शेवटच्या वाणाने महाराष्ट्रात कित्येक दशके अधिराज्य केले. 1932 मध्ये नीरेजवळ पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथील कामात वाणांइतकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे म्हणजे जे. के. बसू व एस. एस. सिरूर यांचे कालवाक्षेत्रातील मातीचे वर्गीकरण (1938). मोजणी खात्याने माती वरून खाली मोजली होती. बसू-सिरूर यांनी तिचे थर, त्यांतील क्षार व निचरा पाहून प्रकार पाडले. कोणत्या प्रकारास किती पाणी व खत द्यावे, हे त्यावरून सांगता येऊ लागले. सोळा आण्यांच्या पद्धतीला एका शतकानंतर मिळालेले हे शास्त्रीय उत्तर होते. ते संशोधनात राहिले. पाणीवाटपाच्या नियमांत त्याला तितके स्थान मिळाले नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात हाच क्रम कृष्णा खोऱ्यात पुन्हा घडला. येथे कालव्याऐवजी नदीवरील उपसा योजना होत्या. मिरज, वाळवा, शिरोळ या तालुक्यांतील नदीकाठच्या खोल काळ्या जमिनी पाण्याखाली आल्या व सांगली-कोल्हापूर भागात ‘क्षारपड’ हा शब्द घरोघरी पोचला. नवीन प्रकल्पांचे पाणी आठमाही असावे, म्हणजे उन्हाळ्यात ते उसाला देऊ नये, असा विचार 1979 मध्ये देऊस्कर, दांडेकर व दत्ता देशमुख यांच्या समितीने मांडला. त्यामागील मुख्य प्रेरणा पाण्याच्या न्याय्य वाटपाची होती; परंतु तो अमलात आला असता तर जमिनीचेही संरक्षण झाले असते. 2005 च्या कायद्यांनी पाणी वापर संस्था व घनमापन पद्धतीने आकारणीची तरतूद केली आणि 2017 मध्ये राज्य शासनाने उसास टप्प्याटप्प्याने ठिबक सिंचन बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. ठिबकाने नवे क्षार वर येण्याचा वेग कमी होतो. आधीच वर आलेले क्षार मात्र त्याने जमिनीबाहेर जात नाहीत.

वाणांच्या बाजूने या प्रश्नाला मिळालेले लक्षणीय उत्तर म्हणजे पाडेगावचाच ‘फुले 265’. तो इतर वाणांपेक्षा खारवट-चोपण जमिनीत अधिक तग धरतो, म्हणून शेतकऱ्यांनी तो आपलासा केला. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यात थोडे विचित्र वाटावे असे काही आहे. उसासाठी जमीन निवडण्यापासून सुरू झालेला प्रवास बिघडलेल्या जमिनीसाठी ऊस निवडण्यापर्यंत आला.

जमीन सुधारण्याचा मार्ग इंग्लिस यांच्या काळापासून माहीत आहे. निचरा चर मुरमाच्या थरापर्यंत पोचला पाहिजे व त्यातील पाण्याला ओढ्यापर्यंत वाट मिळाली पाहिजे. आता उघड्या चरांऐवजी जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकल्या जातात. सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्रात या विषयावर दीर्घकाळ काम झाले आहे आणि शिरोळच्या दत्त कारखान्याने गेल्या दशकात गावोगावच्या शेतकऱ्यांना एकत्र करून अशी कामे मोठ्या क्षेत्रावर केली आहेत. एकट्या शेतकऱ्याला हे साधत नाही, कारण त्याच्या शेतातील पाणी शेजाऱ्याच्या बांधाखालूनच ओढ्याला जाणार असते. शेतात पाणी आणणारी पोटचारी कोणाच्या जमिनीतून न्यावी, याचे नियम कालव्याच्या कायद्यात 1879 पासून आहेत. निचऱ्याची मुख्य नळी मात्र आजही गावकऱ्यांच्या संमतीनेच पुढे सरकते, आणि जेथे एखादा खातेदार अडून बसतो, तेथे ती त्याच्या बांधाशी थांबते.